निवड न झालेला बचावपटू

अमेरिकन फुटबॉल म्हणजे नुसती धक्काबुक्की, असं मेसमध्ये बरेच जण म्हणतात. मला मात्र त्यात अभ्यास दिसतो. माल्कम बटलरचंच बघा. २०१४ मध्ये व्यावसायिक संघांनी कॉलेजांतून २५६ खेळाडू निवडले, त्यात हा नव्हता. चाचणी देऊन तो न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये शिरला.

१ फेब्रुवारी २०१५, सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना. पेट्रियट्स २८-२४ ने पुढे, पण सिएटलचा संघ गोलरेषेपासून १ यार्डावर आणि अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ शिल्लक! सिएटलचे दोघे एकामागे एक उभे राहिले. चाल अशी, की पुढचा बचावपटूची वाट अडवतो आणि मागचा आत तिरका धावून पास घेतो. सरावात याच चालीवर बटलर फसला होता, प्रशिक्षकांनी टोकलंही होतं. आता ती रचना दिसताच त्याने ओळखलं. साथीदार ब्राउनरने पुढच्याला जागीच थोपवलं, बटलर झेपावला आणि पास मधल्या मधे पकडला. विजेतेपद पेट्रियट्सचं!

नवख्याला संधी कधी मिळेल ते सांगता येत नाही. सरावात चुकलेलं गणित तेवढं त्याने सोडवून ठेवावं.