आराखड्यातली रेघ आणि वाकणारी पट्टी

गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. लांबी 56 फूट, गाभा लाकडाचा, त्यावर फायबरग्लास; आराखडा व्हॅन डी स्टाट या डच संस्थेचा. याच शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे (2009-10) आणि अभिलाष टॉमी (2012-13) यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, टॉमींनी तर कुठेही न थांबता. एवढा समुद्र झेलणारं बूड सुरुवातीला कागदावरच्या रेघाच असतं. त्या रेघांचं लाकूड कसं होतं, हा मला नौकाबांधणीतला सर्वांत विलक्षण भाग वाटतो.

आराखड्यात होडी बाजूने, वरून आणि समोरून काढलेली असते. डावी-उजवी सारखीच, म्हणून अर्धीच काढतात. सोबत मापांचा तक्ता. पण 1:20 प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेघ प्रत्यक्षात एक सेंटिमीटर होते! म्हणून जुन्या पद्धतीत आधी सपाट लाकडी जमिनीवर अख्खी होडी खऱ्या मापात पुन्हा काढतात. तक्त्यातले बिंदू मांडायचे, प्रत्येकाशी खिळा ठोकायचा आणि खिळ्यांना टेकवून लांब, बिनगाठीची पट्टी वाकवायची. एखादा खिळा उपटताच पट्टी जागा सोडून सरकली, तर तो आकडा संशयास्पद. बिंदू हलवायचा, आणि एका दृश्यात हलवला की उरलेल्या दोन्हींतही.

पट्टीवर एवढा भरवसा का? वाकवलेलं लाकूड कमीत कमी ऊर्जा साठेल असाच आकार घेतं. दोन खिळ्यांमधला पट्टीचा तुकडा जवळपास घनवक्र असतो आणि खिळ्यापाशी तिचा वाक एकदम बदलत नाही. गणितज्ञ आयझॅक शोएनबर्ग यांनी 1946 मध्ये अशा वक्रांना गणिताची शिस्त दिली. संगणकावरचे स्प्लाइन वक्र त्याच वाटेने आले.

रेघा पक्क्या झाल्या की मग फळीची जाडी वजा करायची. आराखड्यातल्या रेघा बाहेरच्या पृष्ठभागाच्या, ज्यांवर फळ्या चढवायच्या ते होडीच्या आडछेदाचे साचे मात्र फळ्यांच्या आत बसतात. होडीच्या मध्यावर 20 मिलिमीटरच्या फळीसाठी 20 च वजा होतात. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, तीच फळी साच्यावरून 30 अंश तिरकी जात असेल, तर 23. तिथेही 20 च धरले तर तेवढ्या भागाला फुगवटा येतो.

आता साचे बऱ्याचदा संगणकाच्या मापाने कापून येतात, जमिनीवरचं रेखाटन टळतं. तरीही साचे उभे झाले की जाणता सुतार त्यांवर पट्टी टाकतो आणि एक डोळा मिटून तिच्या कडेने पाहतो. पट्टी साच्याला टेकत नसेल तिथे पातळ ढलपी चिकटवतो, उचलली जात असेल तिथे रंधा मारतो. फळ्या चढवायला घेतो त्या यानंतरच.