उद्याची जुनी स्वप्नं

१९५७ साली कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये ‘भविष्यातलं घर’ उभं राहिलं. बहुतेक सगळं प्लास्टिकचं. मधल्या चौथऱ्यावरून चारी दिशांना अधांतरी निघालेल्या पांढऱ्या खोल्या, स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह. दहा वर्षांनी ते पाडायला घेतलं, तर लोखंडी गोळा भिंतीवर आपटून परत येऊ लागला! भविष्य भलतंच चिवट निघालं.

‘द जेट्सन्स’ या कार्टूनमधल्या उडत्या मोटारी आणि सिॲटलचा ‘स्पेस नीडल’ मनोरा, दोन्ही १९६२चीच. त्या चकचकाटात अणुबॉम्बची धास्ती मात्र कुठे दिसत नाही. ‘फॉलआउट’ या १९९७च्या व्हिडिओ गेमने नेमकं तिथंच बोट ठेवलं: बेचिराख जग आणि सोबतीला ‘द इंक स्पॉट्स’ या गायकवृंदाचं हळवं गाणं.

तरी या जुन्या भविष्याच्या हौसेला तोटा नाही. न्यूयॉर्कच्या विमानतळावरचं, टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं टर्मिनल २००१मध्ये बंद पडलं. २०१९पासून तिथं हॉटेल आहे आणि बाहेरच्या १९५८च्या विमानात बार चालतो.