आधी जोडी जमवा!

दोस्तांनो, आईबाबांबरोबर असेंबल्ड कॉम्प्युटर घ्यायला निघालात? थांबा! आधी प्रोसेसर आणि मदरबोर्डची जोडी जमते का, ते पाहा. एएमडीच्या एएम ४ प्रोसेसरच्या पोटाला बारीक पिना असतात. २०२२ साली आलेल्या एएम ५ मध्ये त्या पिना गेल्या बोर्डावर! मग एकाचा प्रोसेसर दुसऱ्यावर बसणार कसा? रॅमचंही तसंच. डीडीआर ४ आणि डीडीआर ५, दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी. जोर लावलात तर नुकसानच!

आणि बरं का, पैसे वाचवायला कुणी अगदी स्वस्त एसएमपीएस सुचवला, तर साफ नाही म्हणा. सगळ्यांना वीज तोच पुरवतो. जाताना कधीकधी मदरबोर्डही घेऊन जातो. रंगीत दिव्यांचं कॅबिनेट? पैसे उरले तर बघू!