शोकातून सेवेकडे : पंडिता रमाबाई

धर्मश्रद्धा आपद्ग्रस्तांचे केवळ सांत्वन करते, की त्यांना पुन्हा उभेही करते? पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) जीवनकार्य या दृष्टीने अभ्यासनीय आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आई-वडील व थोरली बहीण यांचा अंत झाला. १८८२ मध्ये पतीचेही निधन झाले. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा उपासमार स्वतः सोसलेल्या रमाबाई तेथे गेल्या आणि निराधार मुली व विधवांना आपल्यासोबत घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांच्यासाठी ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. तेथे अन्न व निवाऱ्याबरोबरच लेखन-वाचन, शेती, विणकाम आणि मुद्रण यांचे शिक्षण दिले जाई. म्हणजेच रमाबाईंची करुणा अन्नदानापाशी थांबत नव्हती; आश्रित स्त्रीला स्वावलंबी करणे हे तिचे उद्दिष्ट होते. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच संस्थेच्या मुद्रणालयात तेथील स्त्रियांनी छापले. म्हणूनच या ग्रंथाचा विचार करताना भाषांतरकर्तीच्या विद्वत्तेबरोबर तो छापणाऱ्या हातांचाही विचार करावा लागतो.