बिनसनदेचे वतन : कल्याणपलीकडच्या लोहमार्गावरील अँग्लो-इंडियन समाज

कल्याण सोडून कर्जतकडे निघालेली गाडी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन नगरे मागे टाकीत सह्याद्रीच्या पायथ्याशी पोहोचते, तेव्हा अंबरनाथचे शके 982 चे शिवालय, स्वीडिश भांडवलावर उभा राहिलेला विमकोचा आगपेट्यांचा कारखाना किंवा उल्हासनगरची निर्वासितांनी वसविलेली बाजारपेठ यांची आठवण कोणी ना कोणी प्रवासी काढतोच. परंतु हा लोहमार्ग ज्यांनी शंभर वर्षे इंजिनावर, गार्डाच्या डब्यात आणि सिग्नलच्या केबिनीत राबून चालता ठेवला, त्यांत ज्या अँग्लो-इंडियन समाजाच्या पिढ्यामागून पिढ्या होत्या, त्याचे नाव या प्रांताच्या इतिहासात क्वचितच कोणी घेतो.

या समाजाची घडण रेल्वेच्या पुष्कळ आधीची. युरोपीय बाप आणि हिंदी आई यांच्या ज्या संततीस उत्तेजन देण्यासाठी कंपनी सरकारने सन 1687 मध्ये मद्रासेत बारशाच्या दिवशी आईस बक्षीस देऊ केले होते, त्याच संततीला सन 1791 च्या हुकुमाने मुलकी व लष्करी हुद्दे बंद झाले, आणि 1795 पासून पलटणीत ढोल-बासरी वाजविण्यासारखी कनिष्ठ कामे तेवढी तिच्या वाट्याला उरली. कंपनीने दार लावले ते मराठ्यांनी उघडले. स्कॉटिश बापाचा आणि रजपूत आईचा मुलगा जेम्स स्किनर शिंद्यांच्या कंपूत वाढला. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरच्या रणांगणावर यशवंतराव होळकरांची पायदळ पलटणे चालविणारा व्हिकर्स हाही याच मिश्र रक्ताचा, आणि इंग्रजांविरुद्ध लढण्यास नकार दिला म्हणून होळकरांनीच सन 1804 मध्ये त्याचा शिरच्छेद करविला. एका धन्याने रक्तामुळे दूर लोटावे आणि दुसऱ्याने त्याच रक्ताचा संशय घ्यावा, हे या समाजाचे प्राक्तन तेव्हापासूनच ठरून गेले असे म्हणावयास हरकत नाही.

1 मे 1854 रोजी कल्याणपर्यंत आलेली जी. आय. पी. रेल्वे सन 1856 मध्ये अंबरनाथ-बदलापूरवरून घाटाच्या पायथ्याला पोहोचली आणि 1863 मध्ये भोर घाट चढून गेली. सदतीस फुटांस एक फूट अशा चढणीवर, मध्येच गाडीची दिशा उलटविणाऱ्या स्थानकातून, वाफेचे इंजिन सांभाळून नेणे हे जोखमीचे काम होते. त्यासाठी विलायतेहून माणसे आणणे महाग पडे, आणि 1857 च्या उठावानंतर ते एतद्देशीयांच्या हाती सोपविण्याची सरकारची छाती होत नव्हती. तेव्हा इंग्रजी बोलणारा, ख्रिस्ती, राजनिष्ठ आणि विलायती नोकराहून स्वस्त असा अँग्लो-इंडियन इसम आयता सापडला. कल्याण, लोणावळा, इगतपुरी, भुसावळ, दौंड अशा ठिकाणी त्यांच्या वसाहती उठल्या. बाप ड्रायव्हर, मुलगा फायरमन, जावई गार्ड. राहण्यास रेल्वेचा बंगला अथवा क्वार्टर, करमणुकीस रेल्वे इन्स्टिट्यूट. आपल्याकडील पाटीलकी-देशमुखीप्रमाणे हे एक वतनच होते म्हणा ना! फरक इतकाच, की या वतनाला जमीन नव्हती आणि सनदही नव्हती.

वतनाची चाकरीही करावी लागे. ऑक्झिलिअरी फोर्समध्ये, म्हणजे रेल्वेच्या सहायक पलटणीत, नाव नोंदविणे या नोकरांवर बंधनकारक असे, आणि संपाच्या प्रसंगी त्याच पलटणी सरकारच्या कामी येत. कामगार चळवळीत या समाजाविषयी जी अढी बसली तिचे मूळ येथे आहे. पण वेतन, बढती आणि निवास यांत युरोपियन, अँग्लो-इंडियन व हिंदी अशा पायऱ्या ज्यांनी पाडल्या, त्यांना सोडून मधल्या पायरीवरच्याला दोष देणे मला न्यायाचे वाटत नाही.

इन्स्टिट्यूटच्या लाकडी जमिनीवर नाताळचा नाच होई, हाउझीचे डाव रंगत, आणि मैदानावर हॉकी चाले. ॲम्स्टरडॅमच्या 1928 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात निम्म्याहून अधिक खेळाडू अँग्लो-इंडियन होते, आणि संपूर्ण स्पर्धेत एकही गोल होऊ न देणारा गोलरक्षक रिचर्ड ॲलन हा जन्माने नागपूरचा. देवळालीला सन 1925 मध्ये उघडलेल्या बार्न्स शाळेत या वसाहतींतील मुले वसतिगृहात राहून शिकत. स्वयंपाकघरात मात्र आईचा मुलूख कायम राहिला : नारळाच्या दुधातला पिवळा भात, त्याबरोबर खिम्याच्या गोळ्यांची ‘बॉल करी’, सारासारखे आंबट-तिखट ‘पेपर वॉटर’ आणि नाताळात आपल्या शंकरपाळ्यांची बहीण शोभतील अशी कुलकुले. ‘ज्यूली’सारख्या चित्रपटांनी या घरांतली दारूची बाटली तेवढी पाहिली, चूल पाहिली नाही.

इगतपुरीत 1873 मध्ये जन्मलेले नेत्रवैद्य सर हेन्री गिडनी हे या समाजाचे पुढारी. सन 1931 च्या गोलमेज परिषदेत अल्पसंख्याकांच्या करारावर आगाखान आणि डॉ. आंबेडकर यांच्या सह्यांबरोबर त्यांचीही सही आहे. पुढे याच समाजाचे नेते फ्रँक अँथनी यांच्या खटपटीने घटनेच्या कलम 336 नुसार रेल्वे, कस्टम, टपाल व तार या खात्यांतील राखीव जागा चालू राहिल्या. पण त्या दर दोन वर्षांनी घटावयाच्या होत्या आणि दहा वर्षांनी, म्हणजे 1960 मध्ये, संपुष्टात आल्या. कुटुंबे त्याआधीपासूनच इंग्लंडला, पुढे कॅनडा-ऑस्ट्रेलियाला निघाली होती.

त्याच काळात कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत सिंधहून आलेले निर्वासित स्थिरावत होते. 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. एकाच लोहमार्गावर एक समाज येत होता आणि दुसरा जात होता. सिंध्यांची जमीन गेली, पण व्यापाराची विद्या त्यांच्यापाशी होती, तिला कोणाच्या नेमणुकीची गरज नव्हती. अँग्लो-इंडियनांची सारी विद्या एकाच खात्याच्या पटावर नोंदलेली, म्हणून पट बदलताच त्यांचे गावही गेले. पाकिस्तानातून आलेल्याला आपण निर्वासित म्हटले, कल्याणहून गेलेल्याला मात्र ‘विलायतेला गेला’ एवढेच म्हटले.

घटनेच्या कलम 366 ची व्याख्या केवळ पितृवंशाकडे पाहते. विलायतेच्या परवान्यासाठीही बापाकडचाच इंग्रज पूर्वज शोधावा लागे. ज्या हिंदी स्त्रियांपासून हे वंश चालले, त्यांची गावे आणि कुळे त्यामुळे कोणी विचारलीच नाहीत. सन 2011 च्या खानेसुमारीत साऱ्या देशात 296 अँग्लो-इंडियन आढळले असे सरकारने सांगितले. समाजाला तो आकडा मुळीच मान्य नाही, आणि 1951 च्या गणनेत लाखावर असलेला समाज इतका आटला असेल हे पटण्यासारखेही नाही. तथापि 25 जानेवारी 2020 पासून लोकसभेतील आणि विधानसभांतील त्यांच्या नियुक्त जागा बंद झाल्या, आणि महाराष्ट्र विधानसभेत 288 निर्वाचित सभासदांबरोबर बसणारा एक नियुक्त सभासदही नाहीसा झाला.

या समाजाचे दप्तर अद्याप सर्वस्वी नष्ट झालेले नाही. चर्चच्या बाप्तिस्मा-विवाहाच्या वह्या, इन्स्टिट्यूटचे पट, सेवापुस्तके, हॉकीच्या संघांची छायाचित्रे आणि हस्तलिखित पाककृती, यांपैकी जे हाती लागेल त्याच्या नकला सन 1864 पासून चालत आलेल्या कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेने एकत्र कराव्यात. आणि कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या ज्या वाचकांच्या वाडवडिलांनी अशा ड्रायव्हर-गार्डांच्या हाताखाली काम केले असेल, त्यांनी त्या आठवणी मराठीत लिहून काढाव्यात, ही विनंती.