पुडी एक, पाणी मोजून एक लिटर

पावसाळा लागला की वस्तीत जुलाब सुरू होतात. ओआरएसची अख्खी पुडी पुष्कळ घरांत ग्लासभर पाण्यातच कालवली जाते. दाट केलं की लवकर गुण येईल, असं वाटतं. होतं उलटंच.

मीठ-साखर पाण्यात विरघळली की द्रावण तयार होतं. पाणी नेहमी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे ओढलं जातं. आतड्यातलं द्रावण रक्ताहून दाट झालं, तर बाळाच्या अंगातलंच पाणी आतड्यात उतरतं आणि जुलाब वाढतात. फार पातळ केलं, तर गेलेलं मीठ भरून येत नाही. माप बरोबर असेल, तर साखर आणि मीठ जोडीने रक्तात शिरतात, मागोमाग पाणीही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच पाण्याने कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले.

म्हणून आम्ही सांगतो: मोठी पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. लहान पुडीवरचं माप वाचा. पुडी नसेल, तर एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. २४ तासांनी उरलेलं फेका. अंगावरचं दूध चालू ठेवा. बाळ सुस्त झालं, डोळे खोल गेले, तर लगेच दवाखाना गाठा. पुडी आशाताईंकडे फुकट मिळते, हक्काने मागा.