कॅन्सरच्या पेशंटची झोप: ऐकीव आणि खरे

गैरसमज: कॅन्सर म्हटल्यावर झोप उडणारच, त्याला इलाज नाही.

वस्तुस्थिती: काळजीने झोप उडते, पण कारण तेवढेच नसते. केमोसोबत मळमळ थांबवायला दिले जाणारे डेक्सामेथासोन रात्री टक्क जागे ठेवू शकते. ती गोळी सकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. दुखत असेल तर आधी दुखण्यावर उपचार हवेत.

गैरसमज: पेशंटने जितके पडून राहावे तितके बरे.

वस्तुस्थिती: घरचे हा सल्ला मायेने देतात आणि रात्र नासते ती बरेचदा यानेच. दिवसभर लोळल्यावर रात्री झोपेची ओढच उरत नाही. मग पेशंट लवकर आडवा होतो, कूस बदलत राहतो आणि पलंग म्हणजे जागरण अशी शरीराला सवय लागते. ही सवय मोडणाऱ्या उपचाराला सीबीटी-आय म्हणतात. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच करावा, असे अमेरिकेतील फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितले. यात झोप आली तरच पलंगावर जायचे. वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून बसायचे. घर एका खोलीचे असेल तर खुर्ची पुरते. रात्र कशीही जावो, सकाळी ठरल्या वेळी उठायचे. दुपारी डुलकी घेतलीच तर अर्ध्या तासाची, तीनच्या आत. पलंगावरचा एकूण वेळही मोजूनमापून कमी करतात. हे मात्र मनाने करू नये. फिट येणाऱ्यांना किंवा तोल जाणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते.

गैरसमज: योग म्हणजे नुसते मनाचे समाधान.

वस्तुस्थिती: अमेरिकेत उपचार पूर्ण झालेल्या 410 जणांच्या अभ्यासात (2013) चार आठवडे, आठवड्यातून दोनदा सौम्य आसने, श्वसन आणि ध्यान करणाऱ्यांची झोप अधिक सुधारली आणि झोपेच्या गोळ्याही कमी लागल्या. कॅन्सर हाडांत पसरला असेल तर मात्र आसनांआधी डॉक्टरांना विचारा.

गैरसमज: ॲक्युपंक्चर थोतांड आहे.

वस्तुस्थिती: 2019 च्या एका अभ्यासात ॲक्युपंक्चर आणि सीबीटी-आय यांची तुलना केली. ॲक्युपंक्चरनेही फायदा दिसला, पण सीबीटी-आय सरस ठरली.

गैरसमज: असे उपचार सुरू केले की झोपेची गोळी बंद.

वस्तुस्थिती: रोजची गोळी एकदम सोडू नका, डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. तपासणीच्या गर्दीत झोपेचा विषय राहून जातो. पुढच्या खेपेला आठवडाभराची नोंद सोबत न्या: किती वाजता पडलात, कधी झोप लागली, कधी उठलात. डॉक्टरांनी विचारले नाही तरी दाखवा.